फरशी ओली नव्हती

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. भावजयीपुढे नाही, डॉक्टरांपुढे नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हासुद्धा मन या जागेपाशी आलं की मी त्याला धक्का मारून पुढे ढकलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा — सांगतानाही आधी स्वतःची सोय पाहिली.

आधी माझं नाव किती मोठं आहे ते ऐका. आमच्या वस्तीत कोणाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं की मला फोन येतो. 'शोभाताई, जरा येऊन जा ना, बाबा लय घाबरून राहिले.' मी जाते. पेशंटजवळ बसते, त्याचा हात हातात घेते. झडप बदलणं आता डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे, म्हणते, भिऊ नका. मग घरच्यांना बाजूला घेऊन दम देते — याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. लोक म्हणतात, ताई बसली की धीर येतो. स्वतःच्या भावाचं केलंय ना तिनं सगळं.

हो. केलंय.

माझा हात जड आहे. लहानपणी शाळेत पोरं माझ्या हाताला घाबरायची आणि मला ते आवडायचं — कशाला खोटं बोलू? आई-बाप कामावर गेले की धाकट्या दिनेशला सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. सांभाळायचं म्हणजे बडवायचं, एवढंच मला कळत होतं. त्याला ताप यायचा, गुडघे सुजायचे, नळावरून पाण्याची बादली उचलवत नाही म्हणून तो रडायचा. मी त्याला नाटक्या म्हणायची आणि सुजलेल्या गुडघ्यावरच चापट मारायची. पुढे कितीतरी वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं, त्या तापानंच हृदयाची झडप खराब होत गेली. तेव्हा मी मान हलवली आणि औषध कुठून आणायचं ते विचारलं. दुसरं काय विचारणार होते? बाप आम्हाला पट्ट्यानं मारायचा, हेही इथे सांगता येईल. पण त्या दिवशी बाप नव्हता तिथे. मी होते.

दिनेश बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात मशीनवर होता. जिना चढताना धाप लागायला लागली, पाय सुजले, नोकरी सुटली. तपासण्या झाल्या — झडप आकसलेली, नवी बसवावी लागणार. सरकारी दवाखान्यात नाव लागलं आणि वाट बघणं सुरू झालं. तो आणि त्याची बायको मंदा माझ्याकडे राहायला आले. मंदा नागपुरातच सदरला एका शिलाईच्या दुकानात जायला लागली. मी शाळेत नोकरीला, मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून दिवसभर मी आणि तो. डॉक्टर मला म्हणाले होते, 'गोळ्या आम्ही देतो. पण ऑपरेशनपर्यंत त्यांचं मन शांत ठेवणं तुमच्या हातात आहे.'

माझ्या हातात — असंच म्हणाले.

आता खर्र्याचं सांगते. नागपूरच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा आणि गालात धरायचा. दिनेशच्या गालात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. डॉक्टरांनी बजावलं होतं — तोंड घाण राहिलं, एखाद्या दातात पू राहिला, तर ते विष सरळ नव्या झडपेवर जाऊन बसेल. दातांच्या डॉक्टरांनी दात घासून स्वच्छ केले, एक किडलेला काढला, आता ठीक आहे असं लिहून दिलं. मगच ऑपरेशनची तारीख मिळाली. ती तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली होती.

आणि मी त्या तोंडाची शिपाई झाले. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला आ करायला लावायची. खिसे उलटे करायची. उशीखाली हात घालायची. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जाऊन सगळ्यांसमोर त्याची सुपारीची बरणी उचलून आपटली. 'माझ्या भावाले खर्रा देल्ला तं ठेला पेटवून टाकीन.' लोक म्हणाले, काय बहीण आहे! मलाही तसंच वाटलं. वस्तीत अशी जीव लावणारी बहीण दुसरी नाही, असंच.

त्या दुपारी ऊन असं होतं की गच्चीवर ठेवलेली बादली हाताला चटका देत होती. मंदा सकाळी बाथरूममध्ये कपडे धुऊन कामावर गेलेली. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मी पितळी गडव्यानं बादलीतलं पाणी त्यात ओतत होते. गडवा म्हणजे आमच्याकडचा तांब्या, चांगला जाड बुडाचा. वळून बघते तर दिनेश खुर्चीत बसलेला, गाल फुगलेला, आणि बोटांत पन्नी.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्याचा जबडा धरला, दोन बोटं आत घातली, गालातलं ओढून काढलं आणि गडवा त्याच्या तोंडावर हाणला.

इथवर मी मनात हजारदा सांगितलंय. खर्रा दिसला, माझा तोल गेला, जीव वाचावा म्हणूनच हात उठला. ऐकायला बरं वाटतं, नाही का? कोणीही म्हणेल, चुकली, पण मायेपोटी चुकली.

पण तसं झालं नाही.

मी बोटांनी ते बाहेर काढलं आणि बघितलं. ओवा होता. ओवा, बडीशेप आणि ठेचलेली लवंग. ज्याची बरणी मी फोडली होती, त्याच ठेलेवाल्यानं त्याला पन्नीत ओवा घोटून दिला होता, अगदी खर्रा घोटतात तसाच, म्हणजे हाताची आणि जबड्याची सवय भागावी. मी तो नाकाशी नेला. वास घेतला. मला कळलं. नीट, स्वच्छ कळलं की त्यानं खर्रा सोडलाय. आणि दिनेश हसायला लागला. धाप लागत होती तरी हसत होता, लहानपणी लपाछपीत जिंकल्यावर हसायचा तसा.

'फसली ना वं ताई! ओवा हाय तो. मी तं कवाचाच सोडला!'

त्यानंतर मी मारलं.

कळल्यावर मारलं. ओवा माझ्या डाव्या हातात होता आणि गडवा उजव्या.

आणि एकदा नाही. पहिला घाव ओठावर बसला. त्यानं हात वर केला — माझ्यावर उगारायला नाही, तोंड झाकायला. मी तो हात बाजूला सारला आणि पुन्हा मारलं. दात तुटल्याचा आवाज आला. कूलरच्या घरघरीतही ऐकू आला.

का मारलं? मी या प्रश्नाला कितीदा दारातून आत घेतलं आणि हाकलून दिलं. थकले होते म्हणून? तो मरेल या भीतीनं? ते सगळं होतं, पण त्या घडीला ते नव्हतं. त्या घडीला तो हसला आणि मी चूक ठरले, एवढंच होतं. इतके दिवस त्याचे खिसे उलटणारी, बरण्या फोडणारी मी — आणि हा माझ्या नकळत, माझ्या मदतीशिवाय, चांगला वागत होता. मला ते सोसलं नाही. आणि आता जे सांगते ते सांगायला सगळ्यात जड आहे: मारल्यावर मला बरं वाटलं. हात हलका झाला. एखाददुसरा श्वासभरच असेल, पण वाटलं.

मग रक्त आलं. त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, आकसलेल्या झडपेमागे गाठ होऊ नये म्हणून. त्यामुळे ते थांबेचना. तो बादलीवर वाकून बसला आणि कूलरसाठी आणलेलं पाणी लाल होत गेलं. मी टॉवेल दिला, बर्फ दिला. पण त्याच्याही आधी, टॉवेलच्या आधी, माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो 'अरे देवा' नव्हता, 'माफ कर' नव्हता.

'बाथरूममध्ये पडलो म्हनून सांगजो,' मी म्हणाले.

त्यानं रक्तानं भरलेल्या तोंडानं मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, पाय घसरला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पुन्हा मान हलवली. संध्याकाळी मंदा कामावरून धावत आली. त्याचं सुजून काळंनिळं झालेलं तोंड बघितलं, काय झालं ते ऐकलं.

'म्याच सकाळी कपडे धुतले ना ताई. फरशी पुसाची राह्यली माह्यी. मीच मारलं यायले!'

ती स्वतःचं कपाळ हातानं बडवत होती. मी तिचे हात धरले. म्हणाले, 'नाही वं, तुह्यी काय चूक त्यात.' सगळ्यांनी पाहिलं, ताईनं भावजयीला कसं सावरलं ते. आणि मला आत काय वाटलं? सुटले, असं वाटलं. खोट्याला आधार मिळाला होता. आता कोणी जास्त विचारणार नव्हतं.

दाताचा तुटका बुंधा हाडात राहिला. तो काढेपर्यंत जबड्यात पू झाला. तोंडात पू असताना झडप बसवता येत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यासाठीच तर मी पहारा देत होते. तारीख गेली. कॅलेंडरवरचा लाल गोल तसाच राहिला आणि दिवस त्याच्यावरून पुढे गेले.

मग मी त्याची फार सेवा केली. भाकरी दुधात कुस्करून भरवली, पाय चेपले, आडवं होता येत नव्हतं तेव्हा खुर्चीमागे उशा लावून बसवलं. एकदा घाम पुसायला मी हात वर केला आणि त्यानं डोळे घट्ट मिटून मान खांद्यात घातली. मंदा समोर होती. तिला वाटलं, घाम डोळ्यात गेला.

एका सकाळी मंदा गेल्यावर त्यानं विचारलं. दोन शब्द बोलायचा, दम घ्यायचा.

'ताई... तुले माहीत होतं ना वं... ओवा हाय म्हनून?'

तो शिव्या देत नव्हता. नुसतं विचारत होता. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

'नाही गा,' मी म्हणाले. 'मले वाटलं खर्राच हाय.'

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'हो ना. मले बी तसंच वाटलं.' आणि त्यानं माझ्या हातावर थोपटलं. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या माणसाला धीर द्यायचा असतो ना? त्या घरात धीर त्यानं मला दिला. मी तो घेतला.

दुसरी तारीख यायच्या आधी त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि तो गेला. ऑपरेशन झालं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. लोकांनी ते वाक्य माझ्या समाधानासाठी पुन्हा पुन्हा म्हटलं. मी ते कधी वापरलं नाही, असं म्हणणार नाही. खूप वापरलं. पण त्याला ती संधी मिळायला हवी होती आणि ती मी गडव्यानं फोडली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींसमोर एकेकानं उठून सांगितलं, शोभाताईसारखी बहीण सगळ्यांना मिळो. मी हात जोडून बसले होते.

मंदा अजून माझ्याजवळच राहते. तिला माहेर उरलेलं नाही आणि मला दुसरं कोणी नाही. हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही. सांगणारही नाही. तेवढं माझ्यात नाही.

घरात कोणाचीही आंघोळ झाली की ती बाथरूममध्ये जाते आणि फरशी पुसते. गुडघ्यांवर बसून, कोपऱ्यांपर्यंत, कोरडी खट्ट होईपर्यंत. पाहुणा आला तर त्याच्यामागूनही पुसते. आता तिला खाली बसवत नाही, उठताना भिंत धरावी लागते. परवा मी म्हटलं, राहू दे ना वं, वाळते आपोआप.

'नाही ताई,' ती म्हणाली. 'एकदा राह्यली तं काय झालं, पाह्यलं ना तुमी.'

पोछा पिळायला तिला पाणी हवं होतं. मी बादली भरून तिच्यापुढे ठेवली.