गोल खिडकीची पेटी

मल्लूअण्णांना कुठलीही वस्तू दाखवली की ते आधी मागे सरकायचे. सगळं जग वस्तू बघायला पुढे वाकतं, हे गृहस्थ उलटे चालायला लागायचे. साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे आमचं कापडाचं दुकान होतं. तिथे ते पहिल्यांदा नमुन्याची पेटी घेऊन आले तेव्हा त्यांनी ती काउंटरवर ठेवली, एक डोळा मिटला आणि पाऊल पाऊल मागे जायला सुरुवात केली. स्टूल ओलांडलं, उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या उतरले आणि तसेच उलट्या पावलांनी रस्त्यात गेले. एका स्कूटरवाल्याने त्यांच्या घराण्याची चौकशी केली. अण्णांना ती ऐकू आली नाही. पलीकडच्या भेळेच्या गाडीला पाठ टेकली तेव्हा ते थांबले आणि तिथून ओरडले, "दिसतीया! टोपी दिसतीया!"

आमचे हे मला हळूच म्हणाले, "हा माणूस परत येईल ना? पेटी इथंच राहिलीय."

अण्णा परत आले. घाम पुसत म्हणाले, "गिऱ्हाईक लांबनं येतंय वैनी. ते काय तुमच्या काउंटरवर जलमत न्हाई."

ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. आमच्या भागात लग्नात मान द्यायचा म्हणजे टॉवेल-टोपी. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची, घेणाऱ्याने काखेत मारायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या काखेत घालायची. काही टोप्यांनी माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिली असतील. ह्यांनी मुंबईत टाय-रुमालाच्या जोडपेट्या बघितल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं की टोपी, उपरणं आणि हातरुमाल असा एकत्र संच का विकू नये? नाव ठेवलं 'मानाचा संच'. पेटी करणारा कोण, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, सांगलीचे मल्लूअण्णा.

अण्णा मूळचे जतकडचे, घरात कानडी बोलणारे. कानावर पेन्सिल, बोटांना वाळलेली खळ. सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या बोळात त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, एक कापायचं यंत्र आणि सहा बायका. तिथून आलेल्या प्रत्येक पेटीला हळदीचा वास यायचा. आम्ही शुभ म्हणून मुद्दाम हळद लावतो, अशी गिऱ्हाइकांची समजूत झाली होती. आम्ही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

पेटी मात्र देखणी होती. तांबडं झाकण, त्यात खालच्या अंगाला चौकोनी खिडकी, खिडकीला आतून जिलेटीनचा कागद, म्हणजे पेटी न उघडता टोपी दिसायची. वर मधोमध गोलात सोनेरी गणपती आणि खाली 'सप्रेम भेट'. ह्यांना किंमत ऐकून चक्कर आली. "नाकापेक्षा मोती जड झाला अण्णा! रुमालापेक्षा पेटी महाग!"

"मग नुसता रुमाल इका," अण्णा म्हणाले. "काखेत घालत्यात लोक, तुमाला ठावं हायच."

ह्यांनी मग काटकसरीची एक युक्ती काढली. खिडकीतून दिसणारी घडी चांगल्या उपरण्याची ठेवायची आणि आत मात्र हलकं कापड. वर जरीचा काठ नुसता टाचायचा. ही युक्ती त्यांनी अण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितली. अण्णांनी ऐकून घेतलं, पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. "खिडकीत एक आन् आत दुसरंच, आसलं खोकं मी करत न्हाई. फसवायचंच आसंल तर बिनखिडकीचं घ्या. गप फसवा. माझी खिडकी कशाला पाडतासा?" आमचे हे दोन दिवस रुसून बसले. खिडकीची पेटी करणारा दुसरा कुणी सांगलीत नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवशी रुसवा गेला.

संच चांगलाच खपला. पाच वर्षं आम्ही त्या तांबड्या पेट्या विकल्या. आणि मग एका उन्हाळ्यात वाघमारे गुरुजी आले.

गुरुजी म्हसवडकडच्या शाळेतले. थोरल्या मुलीचं लग्न होतं. बस्ता साताऱ्यात बांधला आणि शंभर संच सांगितले. शंभरही अगदी एकसारखे हवेत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, "गुरुजी, व्याह्यांना थोडा भारी, गावाला थोडा हलका, असं करतात सगळे." ते म्हणाले, "म्हणूनच एकसारखे हवेत. माझ्या वडिलांना गावातल्या लग्नात मान मिळायचा तो लांबून पदरात टाकलेला. त्यांच्या हातात कुणी कधी काही दिलं नाही. ते आता पंच्याऐंशीचे आहेत. माझ्या मुलीच्या लग्नात गावातल्या शंभर माणसांच्या हातात ते स्वतःच्या हाताने मान देणार आहेत. पाटलांपासून आमच्या चुलत्यांपर्यंत सगळ्यांना एकच."

मी हिशेबाची वही बाजूला ठेवली. मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त राहा. पेट्या मी स्वतः भरते." आणि भरल्याही. एकेक टोपी निरखून, एकेक उपरणं झटकून.

लग्नाला सहा दिवस असताना गुरुजी पेट्या न्यायला आले. मी थाटात पहिली पेटी पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, बघितली आणि काउंटरवर परत ठेवली. आवाज जराही चढला नाही. "बाई, पेटी फार सुंदर आहे. पण ही मला चालायची नाही. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. गणपतीची पेटी मी त्यांच्या हातात कशी देऊ?"

मी झाकणाकडे बघितलं. आईशप्पथ सांगते, त्या क्षणापर्यंत तिथे गणपती आहे हे मला दिसलंच नव्हतं! शंभर पेट्या हाताने भरल्या. रुमालावरचा धागा दिसला, टोपीवरचा डाग दिसला, आणि हा तळहाताएवढा सोनेरी गणपती दिसला नाही. तो असायचाच. भिंत असते तसा.

"संच वर्तमानपत्रात बांधून द्या," गुरुजी म्हणाले. "जमेल तसं करू." पण चेहरा उतरला होता. हे म्हणाले, "त्यावर सोनेरी कागद चिकटवून देऊ, कुणाला कळतंय?" गुरुजी चपला घालायला लागले. मी म्हटलं, "चार दिवस द्या मला." शब्द देऊन बसले आणि मग छापखान्यात चौकशी केली. नवीन झाकणं छापायची तर छापखाना दोन हजारांच्या खाली हात लावत नव्हता, आणि पंधरा दिवस मागत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने शंभर झाकणांचं गाठोडं घेऊन मी सांगलीला गेले. अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी एक झाकण टेबलावर उभं केलं आणि मागे मागे गेले. भिंत लागली तेव्हा थांबले. 

"हजारानं केली ही खोकी," तिथून म्हणाले. "मला बी कवा दिसला न्हाई ओ वैनी."

"सोनेरी कागद चिकटवता येईल?"

"झाकलेलं कळतंय. आन् लांबनं तर लईच कळतंय." मग जवळ येऊन त्यांनी गणपतीभोवती बोट फिरवलं. "हितं गोल खिडकी पाडू. आत रुमाल येईल. खालनं टोपी, वरनं रुमाल. दोन खिडक्या."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच नमस्कार करणार होते. पण सहाही बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यातली थोरली म्हणाली, "अण्णा, देवावर सुरी? आमच्याच्यानं हुयाचं न्हाई. पोराबाळांची घरं हायत आमची." अण्णांनी त्यांना एक शब्द सुनावला नाही. म्हणाले, "बरं. तुमी जिलेटीन लावा. सुरी मी धरतो."

यंत्रात गोल कापायचा साचा नव्हता. अण्णांनी घरून आमटीची वाटी आणवली, धुतली, पुसली. झाकण समोर ठेवलं, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, वाटी उपडी ठेवली आणि सुरी फिरवली. गणपतीची चकती अलगद निघाली. ती कपाळाला लावून बाजूच्या धुतल्या पंच्यावर ठेवली. "ओंदु," असं कानडीत एक मोजलं आणि दुसरं झाकण घेतलं. पुन्हा नमस्कार, पुन्हा वाटी, पुन्हा सुरी.

दुपारपर्यंत चाळीस झाली. मला साडेचारची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, "अण्णा, सगळ्यांना मिळून एकच मोठा नमस्कार घाला की!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गुरुजी शंभर जणांस्नी मिळून एकच पेटी देनार हायत काय?"

मी पुढचं झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. गाडी चुकली. सत्तराव्या झाकणाला त्यांचं बोट कापलं, चिंधी बांधून पुढे सुरू. शंभरावं झालं तेव्हा त्यांना पाठ सरळ करता येईना. तशा अवस्थेत मला विचारतात, "रुमाल कसलं हायत?"

"पांढरे."

"निळ्या काठाचं हायत का दुकानात?"

होते. अण्णा माझ्याबरोबर साताऱ्याला आले आणि दोन दिवस आमच्या माडीवर बसून शंभर रुमालांच्या गोल घड्या घातल्या. खालच्या खिडकीत पांढरी टोपी, वरच्या गोलात निळा काठ. गुरुजी आले, पेटी हातात घेतली. ह्या वेळी ती त्यांनी खाली ठेवलीच नाही.  अण्णा म्हणाले, "झाकण जरा घट्ट झालंय. तेवढं चालवून घ्या."

लग्नाला मी आणि अण्णा दोघंही गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव होता. गुरुजींचे वडील पांढऱ्याशुभ्र धोतरात खुर्चीवर बसले होते. माणसं रांगेने येत होती आणि म्हातारबा एकेकाच्या हातात पेटी देत होते. गावचे थोरले पाटील आले. त्यांचंही वय ऐंशीच्या घरात. रांगेतले लोक बाजूला सरकले. पाटलांनी दोन्ही हात पुढे केले, पेटी घेतली, तिथेच झाकण उघडलं, डोक्यावरची जुनी टोपी काढून खिशात घातली आणि पेटीतली डोक्यावर चढवली. म्हातारबांनी हात लांब करून ती पाटलांच्या डोक्यावर सारखी केली. मी पदर तोंडाला लावून रडले. आजूबाजूच्या अनोळखी बायकाही रडत होत्या. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "झाकण घट्ट न्हवतं म्हणायचं."

सांगलीत मागे राहिलेल्या शंभर गणपतींचा प्रश्न होता. ते टाकणार कुठे? अण्णांनी त्या सहा बायकांना बोलावलं. "सुरी धरली न्हाईसा. आता देव तरी सांभाळा." प्रत्येकीच्या वाट्याला सोळा आले. उरलेले चार अण्णांच्या देव्हाऱ्यात गेले. पुढच्या हंगामात गंमत झाली. लग्न बघून आलेल्या लोकांनी ती दोन खिडक्यांची पेटी मागायला सुरुवात केली, अगदी साताऱ्यातल्या भटजींच्या घरातूनसुद्धा. ह्यांनी ही आपलीच कल्पना असल्याचं सगळ्यांना सांगितलं.

अण्णांना मात्र एका गोष्टीने खाल्लं होतं. म्हसवडहून परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं होतं, "वैनी, गुरुजी बोलले म्हणून कळलं. ह्याच्या आदी कितीजणांनी गप नेली आसतील?" मी म्हटलं, "कुणी कधी सांगितलं नाही." ते म्हणाले, "इचारा की मग कुणाला तरी."

मी नाही विचारलं. लाज वाटत होती, खरं सांगायचं तर. अण्णा भेटले की म्हणायचे, "इचारलं का?" आणि मी म्हणायचे, "विचारते." दोन वर्षांनी एका सकाळी सांगलीहून निरोप आला, अण्णा गेले. खळ शिजवता शिजवता बसले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्या सहा बायकांच्यात बसले आणि मनात एवढंच येत होतं की माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

महिन्याभराने आमच्या जुन्या गिऱ्हाईक शांताबाई दुकानात आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, दोन्ही मुलांची लग्नं बुद्धविहारात झालेली, संच आमच्याकडूनच नेलेले. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि धीर करून विचारलं, "शांताबाई, त्या तांबड्या पेट्यांवर गणपती होता. तुम्ही काय केलंत?"

त्या हसल्या. "काय करणार? टोपी-उपरणं काढून घेतलं, कागदात बांधलं आणि दिलं. पेट्या आहेत माळ्यावर. साठ."

"अजून? टाकल्या का नाहीत?"

"अहो वहिनी," त्या म्हणाल्या, "तुमचा देव आहे त्याच्यावर. टाकायचा कसा?"