तिन्ही घरी जेवलेला प्रोग्रॅम

श्री. दिनकर साळवे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि ते गौरव करण्याजोगे गृहस्थ आहेत हे आपल्या साखर कारखान्याला एकदाचे समजले, याबद्दल आधी कारखान्याचे अभिनंदन.

मी संगणक विभागात रुजू झालो त्या दिवशी साळवेसाहेब सायकलवर भेटले. खिशात फ्लॉपी. ऊसतोडणीच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम एकच, पण मशीन तीन तऱ्हेची: वजनकाट्यावर डॉस, शेतकी ऑफिसात युनिक्स, कार्यकारी संचालकांकडे विंडोज. साहेबांचा दंडक असा, की कोणी एक ओळ बदलली तरी त्याच दिवशी तिन्हीकडे जुनी प्रत पुसायची, मूळ फाइलवरून प्रोग्रॅम नव्याने बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा, आणि निघालेल्या तिन्ही याद्या ताडून पाहायच्या. संध्याकाळी ते विचारत, “जेवला का तिन्ही घरी?” कार्यकारी संचालक याला फ्लॉपीची वरात म्हणत. आम्ही हसायचो. माझी मुलगी आजारी होती तेव्हा आठवडाभर माझ्या वाट्याची वरात साहेबांनीच काढली.

ऐन हंगामात साहेब दोन दिवस रजेवर गेले. कार्यकारी संचालकांना पाळ्यांतला बदल तातडीने हवा होता. मी नवी फाइल तिन्हीकडे टाकून प्रोग्रॅम बांधला; जुनी प्रत पुसली नाही, याद्या ताडल्या नाहीत. फाइलच्या इंग्रजी नावात लहान अक्षर काय, मोठे काय, डॉसला सारखेच. युनिक्सला ती दोन वेगळी माणसे. माझ्या फाइलचे नाव मोठ्या अक्षरांत होते, म्हणून त्याने शेजारची लहान अक्षरांतली जुनी फाइलच बांधली. टोळ्या शेतकी ऑफिसच्या जुन्या यादीने ऊस तोडू लागल्या, काटा नव्या यादीने तो नाकारू लागला. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागली. खर्ड्याकडची एक तोडकरीण मला म्हणाली, “सायेब, तुमच्याच चिठ्ठीनं तोडलाय ऊस. आन् आता तुमीच वळखत न्हाई म्हनता व्हय?”

चौकशीत विचारले गेले, चूक कोणाची? साळवेसाहेब म्हणाले, “विभाग माझा आहे.”

मी समोरच बसलो होतो. घसा बसला होता असे लिहायची सोय आहे, पण तो ठणठणीत होता. साहेबांच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडला, त्यांची रवानगी भांडारात झाली आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. महिन्याभरात तीच वरात सर्वांना सक्तीची झाली. परिपत्रकावर सही कार्यकारी संचालकांची.

मी भांडारात गेलो की साहेब चहा मागवतात. त्या दिवसाबद्दल त्यांनी एकदाही विचारलेले नाही.

ती चूक माझी होती. या गौरव अंकाच्या संपादक मंडळाने हे वाक्य गाळू नये. साहेबांच्या निवृत्तीआधी तो शेरा खोडला जावा, अशी माझी लेखी मागणी आहे.

साळवेसाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्या कारखान्याचा निर्णयाचा वेग पाहता ते त्यांना लागणारच आहे.