तिसऱ्या पिरियडला आई खाली गेली

बर्फावरच्या हॉकीचं मला वेड होतं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याशिवाय कळायचं नाही. आमची टीम हरली की दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी धड बोलायची नाही. साताऱ्यात वाढलेल्या आणि पंचविशीपर्यंत बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेल्या बाईला हे कुठून लागलं, असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा. अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. औषध कंपनीतली नवी नोकरी, ओळखीचं कुणी नाही, आणि ऑफिसातल्या एकीने जास्तीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. पहिली दहा मिनिटं मला पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, दिसलीच नाही. लोक उठून ओरडले की मीही उठून ओरडायची. घरी परतले तेव्हा घसा पार बसला होता. इतकं मोकळेपणाने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, आणि ते मला फार आवडलं.

याला आता वीस वर्षं झाली. वसंतात प्लेऑफ सुरू होतात. एकाच टीमशी सात सामने, चार जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. त्या दिवसांत खेळाडू दाढी करत नाहीत आणि आम्ही चाहते त्यांच्याही वरताण करायचो. लाल जर्सी धुवायची नाही. पहिला सामना जिंकला तेव्हा जो जिथे बसला होता, त्याने शेवटपर्यंत तिथेच बसायचं. आमच्या घरी गॅरेजवर एक मोठी खोली आहे, इथे तिला बोनस रूम म्हणतात, तिथे सगळे जमायचे. त्यात एक डॉक्टर काका असायचे, मूळचे नागपूरचे, हृदयाची ऑपरेशनं करून निवृत्त झालेले. एवढ्या छात्या उघडून पाहिलेला माणूस, पण रिमोट डाव्याच हातात धरणार, कारण एकदा उजव्या हातात होता आणि आपण हरलो.

त्यांना हसायचा मला अधिकार नाही. मी संख्याशास्त्र शिकलेली आहे. औषधाने गुण आला की नुसता योगायोग होता, हे तपासण्याचाच मी पगार घेते. पाचसहा रोग्यांवरून कुणी निष्कर्ष काढू लागला, तर मीटिंगमध्ये त्याची सालटी काढणारी मी.

चार वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. ती उतरली त्याच आठवड्यात प्लेऑफची दुसरी फेरी सुरू झाली. पहिले दोन सामने तिने झोपेत काढले, कारण तिच्या अंगातली वेळ अजून साताऱ्याचीच होती. ते दोन्ही आम्ही जिंकलो.

तिसऱ्या सामन्याला ती जिना चढून वर आली. माझ्या मुलीने तिला स्वतःची जुनी जर्सी दिली, ती तिने साडीवर चढवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मांडी घालून बसली. अर्ध्या तासात तिला खेळ कळायला लागला. शाळेच्या लायब्ररीत तिने तीस वर्षं काढली होती, नियम कुणी मोडला की तिला लगेच दिसायचं. "अगं, त्याने काठीने पाडलं त्याला! दोन मिनिटं बाहेर बसवा!" असं ती पंचांच्या आधी सांगायची. तिचा जीव मात्र गोलकीपरवर. "सगळे पळतायत आणि त्या बिचाऱ्याला एकट्यालाच उभं केलंय," म्हणायची. चकती त्याच्याकडे आली की हातातला चहा विसरायची. तिला असं खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेलं मी पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

तो सामना आम्ही हरलो. चौथ्याला ती माझ्या नवऱ्याबरोबर देवळात गेली होती, तो जिंकलो. पाचव्याला खुर्चीत होती, हरलो.

सहावा सामना रविवारी दुपारी होता. वीस वीस मिनिटांच्या तीन पिरियडपैकी दोन झाले आणि आम्ही दोन शून्यने मागे. मधल्या सुटीत डॉक्टर काका बोटांवर काहीतरी मोजत बसले होते. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "यार, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला एक पॅटर्न दिसतोय." आणि त्यांनी खिडकीकडे नुसती नजर टाकली.

एवढंच केलं त्यांनी. पुढचं मी केलं. मी उठून आईजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून अगदी लाडाने म्हणाले, "आई, तू जरा खाली जाऊन पडतेस का? दमली असशील."

"मी? नाही गं. अजून एक पिरियड आहे ना?"

"हो, पण तू जाच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. ते रिमोटची बटणं न्याहाळत होते. मग ती उठली, आपला कप घेतला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेली. तिसऱ्या पिरियडमध्ये आमच्या टीमने तीन गोल मारले. आम्ही फेरी जिंकलो. घर डोक्यावर घेतलं. मी दोनदोन पायऱ्या गाळत खाली धावले. आई पलंगावर बसली होती. जर्सीची घडी करून तिने उशाशी ठेवली होती.

"जिंकले ना? कळलं मला ओरडण्यावरून. बरं झालं बाई," ती म्हणाली.

तेव्हा तरी मी गप्प बसायचं होतं. पण आनंदाने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी तिचे गाल धरले आणि हसत म्हणाले, "बघ, तू उठलीस आणि लगेच तीन गोल! आता शेवटपर्यंत तू खालीच बसायचं हं."

तीही हसली. ती हसली, एवढ्यावर मी विषय संपवला.

तिसरी फेरी सुरू झाली. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी सहापासून आई स्वयंपाकघरात. साबुदाणेवडे, बटाटेवडे, कोथिंबीर वड्या. "तुमची मंडळी येणार ना, लागेल काहीतरी," म्हणायची. भरलेल्या ताटल्या मुलगी वर आणायची आणि रिकाम्या खाली न्यायची. सगळे आईच्या हाताची तारीफ करत होते. दुसऱ्या सामन्यानंतर मुलगी ताटल्या डिशवॉशरमध्ये लावता लावता मला म्हणाली, "मॉम, यू बेंच्ड हर." खेळाडूला खेळातून काढून बाकावर बसवतात, तसं.

"काहीही बोलू नकोस. तिला स्वयंपाकात बरं वाटतं."

"शी नोज एव्हरी प्लेयर्स नंबर. डिड यू नो दॅट?"

मला ते माहीत नव्हतं. मी मुलीलाच दरडावलं, आजीची एवढी काळजी असेल तर तिला मदत कर म्हणून. ती सोळा वर्षांची होती, तिने मोठ्या आवाजात डिशवॉशर बंद केलं आणि निघून गेली.

सातव्या सामन्यावर सगळं येऊन ठेपलं. तिसरा पिरियड, दोन दोन अशी बरोबरी, काही मिनिटं उरलेली. जाहिराती लागल्या म्हणून मी पाणी आणायला खाली गेले. वर सगळ्यांची पोटं भरली होती, ओट्यावर वड्यांचा ढीग तसाच पडून होता, आणि आई अजून तळत होती. पाठमोरी, पदर खोचलेला, वरच्या आवाजाकडे कान लावून. तशीच उभी असलेली ती मी शंभरदा पाहिली होती.

मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर आमच्या नात्यात कुठलंही लग्न असलं, की ओटी भरायची वेळ झाली म्हणजे आई आपली आपण उठायची. तिला कुणी उठ म्हणावं लागू नये म्हणून आधीच उठायची. मागे जाऊन कॉफीचं बघायची, पानं मोजायची, ज्याची कुणालाच गरज नाही असं काहीतरी करत राहायची. पहिल्या वेळी मात्र तिला सांगावं लागलं होतं. मोठ्या काकूने खांद्यावर हात ठेवून, अगदी गोड आवाजात, "तू जरा आत बसतेस का?" असं म्हटलं होतं. चौदाव्या वर्षी एका चुलतबहिणीच्या लग्नात मी त्या काकूसमोर उभी राहिले आणि भर मांडवात म्हणाले, माझ्या आईने काय कुणाला खाल्लंय? सगळे माझ्यावर तुटून पडले. आईनेसुद्धा मला ओढत बाहेर नेलं आणि म्हणाली, अशी बोलू नकोस, माणसं तुटतात. त्या रात्री मी मनाशी ठरवलं होतं की माझं घर झालं की त्या घरात हिला कुणी आत जा म्हणणार नाही.

घर झालं. कॅरीत, चार बेडरूमचं. आणि तिला खाली जा म्हणणारी मीच निघाले. एका टीमसाठी. ज्या खेळाडूंना आमची नावंसुद्धा माहीत नाहीत त्यांच्यासाठी.

हे सगळं मला ओट्याजवळ उभ्याउभ्या कळलं. नंतर कधीतरी विचार करताना नव्हे, तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच मला स्वतःची लाज वाटते. आईने मागे वळून विचारलं, "किती झाले गं?"

"दोन दोन."

"जा तू, सुरू होईल."

तिला वर चल म्हणायला किती वेळ लागला असता? गॅस बंद करायचा, हात धरायचा, पंधरा पायऱ्या. शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण बरोबरी होती. आता काही बदलायला नको, सामना संपला की बोलू, असं माझ्या मनात आलं. मी पाण्याची बाटली उचलली आणि वर गेले.

चार मिनिटांनी त्यांनी गोल मारला. आम्ही हरलो, मोसम संपला. डॉक्टर काकांनी रिमोट टेबलावर ठेवला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि आई दारात आली, हातात कॉफीचा ट्रे. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. कुणी काही म्हणायच्या आत म्हणाली, "मी खालीच होते हं. जिन्यापर्यंतसुद्धा आले नव्हते."

डॉक्टर काकांनी मान खाली घातली. मी उठून ट्रे घेतला आणि काहीतरी बोलले, असं काही नसतं आई वगैरे. "नाही, आपलं सांगितलं," ती म्हणाली. मुलगी रडत रडत आपल्या खोलीत गेली. ती टीमसाठी रडत नव्हती.

आईला दहा वर्षांचा व्हिसा आहे. पण त्या खेपेनंतर ती एकदाच आली, ऑगस्टमध्ये, आणि हॉकी सुरू व्हायच्या आत परत गेली. मी पुष्कळदा माफी मागायचा प्रयत्न केला. "कशाबद्दल?" असं ती खरोखरच न कळल्यासारखं विचारते आणि भाजीचा भाव सांगायला लागते. गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एवढा लांबचा प्रवास यापुढे फार वेळा जमणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून या वर्षी मी तिला मार्चमध्येच ये म्हटलं. इथे तेव्हा हवा छान असते, झाडं फुललेली असतात.

"मार्चात नको," ती म्हणाली. "पुढे तुमचे ते सामने असतात. संपले की कळव, मग तिकीट काढायला सांगते."

मी तिला सांगितलं, आई, मी सोडलं ते सगळं. यंदा एकही सामना पाहिला नाही. जर्सी देऊन टाकली, वरच्या खोलीत आता कुणी जमत नाही. हे खरं होतं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

फोनवर ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, एवढं आवडायचं तुला. तेही माझ्यामुळेच गेलं का?"