सासऱ्यांची कंबर आणि माझं माहेर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले आणि डोकं मागाहून. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण आमच्या चांदा जिल्ह्यात अशा माणसाला मागणी फार. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठ धरली, की पायाळू माणसाला बोलवायचं आणि दुखऱ्या जागी तीन हलक्या लाथा मारून घ्यायच्या. माझं बालपण गावातल्या थोरामोठ्यांना लाथा मारण्यात गेलं. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून वाकून सगळ्यांच्याच कमरा मोडायच्या, तेव्हा तर आमच्या ओसरीवर माणसं पालथी पडलेली असत आणि मला खेळातून ओढून आणलं जाई. लाथ मारून झाली की त्याच माणसाच्या पाया पडायचं, अशी रीत होती. बरं वाटायचं का? वाटतं म्हणायचे. निदान भांडायला कुणी परत आलं नाही.

लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, "सासरी सांगू नोको. लोकं तुले बसू देनार नाईत." मी सांगितलं नाही.

सासर चिमूरकडे आणि माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्याही पुढे रानात. बैलबंडीनं जायचं तर वाटेत दोन मुक्काम. देशात पहिली निवडणूक होऊन गेली होती, पण आमच्या वाटेवर नदीला पूल नव्हता. हे सगळं माझ्या सासूबाईंना फार सोयीचं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी जायचं ठरलं तेव्हा घरात धानाची कापणी निघाली. दुसऱ्या वर्षी बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा नदीला पूर आला, आणि मुलगा सासरीच झाला. तो रांगायला लागला तरी माझ्या आईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ती झबली शिवून पाठवायची. मूल पाहिलेलंच नाही, तेव्हा माप अंदाजानं. तिच्या अंदाजात तो वाढतच नव्हता. प्रत्येक झबलं लहान व्हायचं. मला त्या झबल्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

अशात माघ महिन्यात, धान मळून झाल्यावर, सासऱ्यांनी जाहीर केलं की सुनेला आणि नातवाला घेऊन आपण स्वतः जाणार. नवरा शेतीसाठी घरी राहणार होता. सासूबाई बरोबर निघाल्या, कारण व्याह्यांकडे ताटात काय वाढतात ते त्यांना बघायचं होतं.

सासऱ्यांविषयी सांगायला हवं. ते माझ्याशी बोलत नसत आणि मी त्यांच्याशी. त्यांच्यापुढे पदर नाकाखाली ओढून घ्यायचा, ही आमच्या घरची मर्यादा. त्यामुळे दोन वर्षं एका घरात राहून मी त्यांना ओळखत होते ते पायांवरून. डाव्या टाचेला मोठी भेग, उजव्या अंगठ्याचं नख काळं. ते पाय आले की उठायचं आणि गेले की बसायचं. मुलगा झाल्यावर मात्र त्यांची सोय झाली. पाळण्याशी येऊन ते म्हणायचे, "बापू, तुह्या मायले सांगा, भाजीत मीठ कमी हाय." बापू तेव्हा दोन महिन्यांचा होता.

निघायच्या सकाळी व्याह्यांसाठी नव्या तांदळाचं पोतं बंडीत टाकायचं होतं. गडी वाकला तर सासरे म्हणाले, "सरक तिकडं. तुले जमत नाई." पोतं बंडीत गेलं. सासरे मात्र वाकले ते तसेच राहिले. थोड्या वेळानं काही झालंच नाही असं दाखवत ते बंडीत चढले. सासूबाईंना दुपारपर्यंत पत्ता नव्हता. मला लगेच कळलं, कारण डावा पाय टेकताना त्याची पाचही बोटं आत आकसत होती.

बंडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर होतं, खाली धानाचं तणस, म्हणजे पेंढा, अंथरलेलं होतं, पण दगडावरून चाक गेलं की तणसाचा काही उपयोग होत नाही. सासरे आधी बसले. मग लवंडले. मग गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झाले. मग पालथे झाले, तेव्हा त्यांचं डोकं तांदळाच्या पोत्यावर आलं आणि ते पोत्याला शिव्या देऊ लागले. मग खाली उतरून बंडीचं मागचं लाकूड धरून चालू लागले, तेव्हा ओझं हलकं झालं म्हणून बैलांनी पाय उचलला. कळ कमरेतून निघून मांडीमागून थेट टाचेपर्यंत जात होती, हे त्यांनी बापूला तीनदा समजावून सांगितलं. बापूनं त्यांची मिशी ओढली.

पहिल्या मुक्कामाला सासूबाईंनी मोहाच्या बियांचं तेल चोळलं, निर्गुडीचा पाला बांधला, गरम रेतीच्या पुरचुंडीनं शेकलं. कमरेला वास आला, बाकी फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी नदी लागली. रेतीत बंडी रुतते म्हणून सगळ्यांनी उतरायचं. सासरे गुडघाभर थंड पाण्यातून चालले, आणि प्रवासात पहिल्यांदा म्हणाले, "हे बेस हाय." पलीकडच्या काठावर चढताना मात्र डावा पाय साफ गेला. जवळच रानातलं एक गोंड गाव होतं. तिथल्या एका म्हातारीच्या आवारात तणसाचा ढीग होता, त्यावर गड्यानं त्यांना आणून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "बंडी फिरवा."

पुढे एक मुक्काम होता आणि मागेही एकच. सासूबाईंना मागचा जवळ वाटत होता. सासरे दात आवळून पडले होते. मी मुलाला कडेवर घेऊन उभी होते. इतके दिवस जी नदी आडवी यायची ती माझ्या पाठीमागे होती. तिथून परत फिरायचं म्हणजे आईचं तोंड आणखी वर्षभर दिसणार नव्हतं.

म्हातारी तिच्या मराठीत म्हणाली, "पायाळू कोनी पाहा ना. आमच्या गावात एक हाय, पन तो बांबू तोडाले गेला."

"कधी येईन?" सासूबाईंनी विचारलं.

"येईन चार-आठ रोजानं."

"तं मंग फिरवाच," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी बोलले. "आत्याबाई, मी पायाळू हाय."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी चोरीचा माल काढून दाखवलाय. "आतापावतर काऊन नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या. आणि लगेच दुसरा विचार सुचून म्हणाल्या, "अन् सासऱ्याले लाथ मारतं का वो? जनाची नाई तं मनाची?"

यावर बरीच चर्चा झाली. पाप लागेल ते मारणाऱ्याला की मारून घेणाऱ्याला, घरच्या लक्ष्मीचा पाय लागला तर ते चांगलं की वाईट, असे सगळे प्रश्न निघाले. तेवढ्यात बैल सासऱ्यांच्या खालचं तणस खाऊ लागले. म्हातारीला तिचं तणस वाचवायचं होतं. तिनं घरातून एक घोंगडं आणलं आणि सासऱ्यांवर डोक्यापासून पायापर्यंत टाकलं. "घ्या. खाली कोन हाय, हिले काय माहीत?" ती म्हणाली. शिवाय मी पाठ करून उभं राहायचं आणि बैलासारखी मागे लाथ मारायची, म्हणजे मर्यादाही राहील. सासूबाईंना हे पटलं. तरी हे डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. गड्याला पाण्याला पाठवलं. म्हातारी बैलांना हाकलत दूर गेली.

मी मूल खाली ठेवलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला, पाठ केली. गावभर लाथा मारलेला माझा पाय उचलला आणि घोंगड्याशी जाऊन अडला. माझ्याच्यानं होईना. त्या माणसाच्या पायांना मी रोज सकाळी डोकं लावत होते. मी पाय बाजूला घेतला आणि तणसात मारला. तणस खसखसलं. मग दुसरी लाथ तणसात, तिसरीही तणसात.

"मारल्या," मी म्हणाले.

आता ते सांगणार, काही झालं नाही म्हणून, आणि ते खरंच असणार.

घोंगड्याखालून आवाज आला, "आहाहा. उतरलं."

रीतीप्रमाणे मी पाया पडायला वाकले. घोंगड्यातून पाय बाहेर आले. डावा पाय जमिनीला टेकला आणि त्याची पाचही बोटं आकसली, निघालो त्या सकाळपेक्षाही जास्त. ते पाय उभे राहिले, थोडे हलले आणि बंडीकडे चालू लागले.

"बापू, तुह्या आजीले सांगा, बंडी जुपा म्हना."

"कुठी?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढं. मांगं काय ठेवलं हाय?"

उरलेल्या वाटेत ते ताठ बसून राहिले आणि मोठमोठ्यानं भजनं म्हणत राहिले. घरी ते कधी भजन म्हणत नसत. वाटेतले खड्डे मला त्या भजनांवरून कळत होते.

माहेरी मी उतरायच्या आतच आईनं मुलाला उचलून घेतलं. तिच्या हातात नवं झबलं होतं. तिनं ते त्याच्या डोक्यातून घालायला घेतलं, ते कानांशीच अडलं. ती हसली, मग ओसरीवर बसून रडू लागली. मीही तिच्याशेजारी बसून रडले. व्याह्यांचा आग्रह मोडवत नाही असं सांगून सासरे आठ दिवस खाटेवर पडून राहिले. सासूबाईंना जेवणात काही कमी काढता आलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

पुढच्या माघात सासऱ्यांची कंबर पुन्हा धरली. सासूबाई म्हणाल्या, सून घरातच आहे, घ्या मारून.

"इथी काय उपयोग? नदीपल्याड पाह्यजे. त्याच आवारात."

"आपल्या घरी तनस नाई का?"

"ते तनस येगळं."

मग दरवर्षी माघात सासऱ्यांची कंबर धरू लागली. कमरेला महिने कसे कळतात, असं सासूबाई म्हणायच्या, पण दुखणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. बंडी जुंपली जायची. नदीपल्याडची ती म्हातारी आम्हाला लांबून बघूनच घोंगडं काढायची. मी तणसात लाथा मारायची, ते उतरलं म्हणायचे, आणि मी माहेरी जायची. यावर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. बोलायची रीतच नव्हती.

मग एका वर्षी दिवाळीपासून ते खरोखरच अंथरुणाला खिळले. चिमूरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या. डावा पाय वाळून काठीसारखा झाला. माघ लागला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या ठेवून परत निघाले.

"पोरी."

मी इकडेतिकडे बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा अंगणात खेळत होता.

"येक डाव खरी मार," ते भिंतीला म्हणाले. "पाहू तं दे."

मी पदर मागे सारला. पाय उचलला आणि अगदी हलकेच त्यांच्या कमरेवर टेकवला. तळव्याला त्यांची हाडं लागली. तीनदा टेकवला. मग वाकून पाया पडले.

"वाटते का काई?" मी विचारलं. त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यांनी बराच विचार केला. "नाई," ते म्हणाले. "तसंच दुखून राह्यलं." मग हसले, आणि हसण्यानं कळ आली म्हणून गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मले नाई जमत आता. तू जाऊन ये. तुही माय वाट पाहून राह्यली असन. तिथी तनसाले तीन मारजो, अन् माह्या नावानं उतरलं म्हनजो."

सासूबाईंना त्यांनी तसंच सांगितलं, की लाथा लांबूनही लागू पडतात. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीच उठून गड्याला हाक मारली.

नदी ओलांडून आम्ही आवारात आलो. म्हातारीनं घोंगडं आणलं, बंडीत बघितलं. तणसावर तिनं घोंगडं तसंच पसरलं. खाली कुणी नव्हतं, तरी मी पदर हनुवटीपर्यंत ओढला, पाठ केली आणि तीन लाथा मारल्या.

"उतरलं," मी मोठ्यानं म्हणाले, आणि आईकडे जायला बंडीत बसले.