जहाजापुरतं लाकूड

बेट वसवण्याच्या आमच्या पटावरच्या खेळाला या रविवारी पुरवणी जोडली गेली. मूळ पेटीत केवळ जमीन होती, शेतं, जंगलं आणि रस्ते; लाकूड, मेंढ्या अशा मालाची पानं जमवून बांधकाम करायचं. पुरवणीच्या पेटीतून समुद्र आला आणि जहाजं आली.

आईची खेळण्याची रीत मी अनेकदा तपासली आहे. जो मागे पडेल त्याला ती आपलं लाकूड देऊन टाकते, बदल्यात काही घेत नाही, आणि बहुतेक डाव हरते. संभाव्यतेच्या कोणत्याही गणितात हे बसत नाही.

रविवारी माझं जहाज एका लाकडावाचून अडलं. आईकडे एकच लाकूड होतं, आणि तिच्या रस्त्यालाही तेच हवं होतं. तिने ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"अगं, बदल्यात काहीतरी माग! निदान एक मेंढी तरी," बाबा वैतागले.

"तुमची मेंढी राहू द्या. पोरीचं जहाज कशाला अडवायचं?"

दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेत माझी निवड झाल्याचं पत्र चार दिवस माझ्याकडे पडून होतं. या दोघांना मागे ठेवून जावं का, हे ठरत नसल्याने मी घरी बोलले नव्हते. आईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नेहमीच्या सवयीने खेळली, इतकंच.

मी जहाज पाण्यात सोडलं. डाव संपल्यावर सोंगट्या पेटीत भरताना म्हणाले, "आई, एक सांगायचंय. पण या वेळी तरी बदल्यात काहीतरी माग."