चार वाजताच्या खेळाचं मध्यंतर

पेटीमामांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे सिनेमे लोकांपर्यंत पोचवण्यात गेलं. मोठ्या कंपन्यांचे सिनेमे वाटायला मोठे लोक होते. मामांच्या वाट्याला यायचे ते चार मित्रांनी हौसेनं काढलेले, ज्यातला नट त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही असले सिनेमे. त्यांची प्रतही बहुधा एकच असायची. ती एकच प्रत मामा एका दिवशी दोन थेटरांत चालवत. रिळांच्या दोन पत्र्याच्या पेट्या असत, एक मध्यंतराआधीची आणि एक नंतरची. पहिल्या थेटरात मध्यंतर संपलं की आधीची पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून मामा दुसऱ्या थेटराकडे सुटायचे, मग तिथला खेळ सुरू व्हायचा. एकदा वाटेत साखळी तुटली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी खुर्च्यांचे हात उपटून ठेवले होते. मामांना सख्खे भाचे तीनच, पण या पेट्यांपायी ते अख्ख्या धंद्याचे मामा झाले.

सिनेमा पुढच्या गावी न्यायचा की नाही, हे मामा पहिल्या थेटरच्या व्हरांड्यात ठरवायचे. मध्यंतरात ते एका खांबाला टेकून उभे राहत आणि कान देऊन ऐकत. लोक शेवटच्या बसची चौकशी करत असतील तर मामा मनातल्या मनात गाशा गुंडाळायचे. पण दोन बायका एकमेकींना ‘आता ती घरी परत जाईल का गं?’ असं विचारताना ऐकू आल्या, की मामांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्या दहा मिनिटांसारखं सुख त्यांना दुसऱ्या कशातच मिळालं नाही, खुद्द सिनेमातही नाही. सिनेमे त्यांनी निम्मेच पाहिले होते. उरलेला निम्मा वेळ ते सायकलवर असायचे.

मग रिळं गेली, दुसरं थेटर गेलं, आणि पेट्यांत मामींनी रजया भरल्या. मामा घरी बसले आणि टीव्हीवरच्या सिनेमांना नावं ठेवू लागले.

अशात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं सिनेमा काढला. बस डेपोत लोकांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या एका बाईची गोष्ट. तीन वर्षं खपून, मित्रमैत्रिणींना वेठीला धरून केलेला. मामांना वाटलं, आता आपली पाळी. आधी एक थेटर, मग आजूबाजूची तीन गावं, चार ठिकाणी बोलबाला झाला की मग खुशाल फोनवर दाखवा, असा बेत त्यांनी जेवता जेवता मांडला. भाचीच्या डोक्यात वेगळंच होतं. थेटर, फोन, टीव्ही, सगळीकडे एकाच शुक्रवारी.

“मामा, हा सिनेमा ज्यांना आवडेल ते इथे एक, तिकडे दोन असे विखुरलेत. त्या प्रत्येकापर्यंत मी थेटर कुठून नेऊ?” ती म्हणाली.

तिचं म्हणणं मामांना पटलं, आणि पटलं म्हणूनच ते दोन दिवस फुगून बसले. शेवटी मामींनीच विचारलं, सिनेमा तिचा आहे की तुमचा? त्यावर मामा जे बोलले ते मामींनाही नवीन होतं. त्यांना पुन्हा एकदा, फक्त एकदा, मध्यंतरात त्या व्हरांड्यात उभं राहायचं होतं. सोफ्यावर लोळून फोन बघणाऱ्यांना कसला आलाय व्हरांडा?

तडजोड झाली. त्या थेटरचे मालक मामांचे जुने स्नेही. त्यांनी कुरकुरत शुक्रवारचा चारचा खेळ दिला. त्याच वेळी सिनेमा फोनवरही एकदम सुरू होणार होता, आणि बघणाऱ्यांना बाजूला आपलं म्हणणं लिहिता येणार होतं. सिनेमाची पाठवणी मामांनी हट्टानं स्वतःकडे घेतली. भाचीचा संकलक मित्र प्रत तयार करत होता, तेव्हा त्याच्या बोकांडी बसून त्यांनी तिचे दोन भाग करून घेतले, मध्यंतराआधीचा आणि नंतरचा. फोनवाल्यांना कुठली प्रत पाठवू, असं त्यानं विचारलं. “हीच,” मामा म्हणाले. “माल एक तर पाठवणीही एक.”

शुक्रवारी थेटरात घरची माणसं, दोन पेन्शनर आणि नुसत्या गारव्यासाठी आलेलं एक जोडपं, एवढीच मंडळी होती. मध्यंतर झालं. मामा खांबाला टेकले. पेन्शनर मुतारीकडे गेले, जोडपं परत आत जाण्याच्या बेतात दिसेना. नातेवाइकांनी छान छान म्हटलं, पण नातेवाइकांचं म्हणणं मामा हिशेबात धरत नसत. व्हरांड्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. मामांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण कशाची वाट बघत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात भाची कॉम्प्युटर छातीशी धरून धावत आली. फोनवरही सिनेमा थांबला होता. पडद्यावर ‘मध्यंतर’ एवढीच पाटी, पुढे काही नाही. पाठवलेले भाग दोन आहेत हे फोनवाल्यांकडे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, लावला होता तो पहिलाच. दुसरा आता चढवायला दहा मिनिटं लागणार होती.

“मामा, वाट लागली,” ती म्हणाली. मामांचे कान तापले. चूक कुणाची, हे दोघांनाही कळत होतं. ती माफीचा मजकूर लिहायला बसणार, इतक्यात मामांनी चष्मा चढवला आणि पडद्याच्या कडेला भराभर वर सरकणाऱ्या ओळी वाचायला लागले.

तेवढ्यात चहा टाकते, असं कुणीतरी लिहिलं होतं. ती छत्री त्या म्हाताऱ्याचीच का, असं कुणी विचारत होतं. छे हो, त्याच्या मुलाची असणार, असं दुसऱ्या कुठल्या शहरातून कुणी सांगत होतं. आमची आई म्हणते ती बाई छत्री द्यायची नाही. का नाही? आई म्हणते, दिली तर मग तो परत कशाला येईल?

“माफी मागू नकोस. मध्यंतर आहे म्हणून लिही,” मामा म्हणाले. कॉम्प्युटर त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि पाठ पुन्हा खांबाला टेकवली. ते अक्षर न् अक्षर वाचत होते, मधेच हसत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसरा भाग चढला. आत मालकांनी घंटा दिली. भाचीनं बटण दाबायला बोट पुढे केलं, तशी मामांनी कॉम्प्युटर बाजूला घेतला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “अजून बोलतायत ते.”