रजनीबाईंना कळलेल्या व्याख्या

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर राहणाऱ्या चिंतामणी सरांचं व्याख्यांबद्दल ठाम मत होतं. पोळ्या लाटणाऱ्या माणसाला लाटणं न थांबवता जी कळते, ती खरी व्याख्या. बाकीची नुसती शब्दांची गर्दी. हे मत बाळगणं सरांना परवडत होतं, कारण पोळ्या लाटणारं माणूस घरातच होतं.

कामशेतला अकरावी-बारावीच्या पोरांना जन्मभर जीवशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, आणि तळेगावच्या एका छोट्या प्रकाशकाने त्यांना गळ घातली. शेती आणि पर्यावरणातल्या शास्त्रीय शब्दांचा सोपा मराठी कोश करून द्या. मावळातली पोरं कृषी पदविकेला जातात आणि पहिल्याच पानावर 'बाष्पोत्सर्जन' बघून घरी परत यायचं म्हणतात. त्यांच्यासाठी.

मग रोज सकाळी सर ओट्याच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसत. व्याख्या वाचून दाखवत, वाचून झाली की चष्मा काढून बायकोकडे बघत. रजनीबाई "कळलं" म्हणाल्या की व्याख्या पास. पण त्या सहजासहजी म्हणत नसत.

"परिसंस्था. एखाद्या ठिकाणचे सजीव, तिथले निर्जीव घटक आणि त्यांच्यातील परस्पर आंतरक्रिया यांनी मिळून बनलेली व्यवस्था."

"निर्जीव घटक म्हणजे?"

"माती, पाणी, ऊन, हवा."

"मग तसंच लिहा की. राग येणार आहे का त्यांना? आणि 'परस्पर' म्हटल्यावर पुन्हा 'आंतर' कशाला? एका भाजीला दोनदा फोडणी."

सर कुरकुरत खोडत. खोडल्यावर व्याख्या खरंच बरी व्हायची, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

"परजीवी. दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून, त्याच्याच जिवावर पोसला जाणारा आणि त्याचं नुकसान करणारा सजीव."

"कळलं," रजनीबाई म्हणाल्या. "स्टुलावर बसतो तो."

'प' अक्षर असं हसतखेळत पार पडलं. मग 'ब' लागलं आणि एके दिवशी रजनीबाई म्हणाल्या, "अहो, डाव्या कानात सारखी शिट्टी वाजतेय. काल सकाळपासून."

"लोणावळ्यात राहतेस," सर कागदातून मान वर न काढता म्हणाले. "घाटाचं इंजिन असेल."

"इंजिन रात्रभर उभं राहतं का कानात?"

"बरं, पुण्याला दाखवून येऊ. एवढा 'ब' संपू दे. बीजसुप्ती अडलीय माझी."

बीजसुप्ती फार दिवस अडली. पेरलेलं बी जिवंत असूनही का उगवत नाही, हे चार ओळींत बसेना. मधे रजनीबाई शिट्टीबद्दल पुन्हा एकदा बोलल्या. मग बोलल्या नाहीत. सरांनी मनाशी ठरवून टाकलं की थांबली असेल.

आणि गंमत म्हणजे 'भ'पासून कामाला एकदम वेग आला. जी व्याख्या वाचावी ती पहिल्याच फटक्यात पास. "कळलं." "छान झालीय." "अगदी सोपी." सर हरखून गेले. इतक्या वर्षांनी आपल्याला मराठी लिहिता यायला लागलं, असं त्यांनी मुलीला, सईला, फोनवर सांगितलंसुद्धा. "आई आता एक शब्द बदलायला सांगत नाही!"

"आई बरी आहे ना?" सईने विचारलं. सरांना हा प्रश्न जरा अपमानास्पद वाटला.

वडिवळ्याचे शेतकरी कोंडाजी दरवर्षीप्रमाणे इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन आले, तेव्हा पोतं खांद्यावर तसंच ठेवून दारात उभे होते. "सर, वैनीस्नी ऐकाय कमी येतंय का वं? तीनदा हाक मारली, वळून बी बघितलं न्हाई."

"अहो, ती कांदा भाजत असली की तिला ब्रह्मदेवाचंही ऐकू येत नाही."

"व्हय, आमच्यात बी तसंच," कोंडाजी म्हणाले आणि दोघे हसले. ते हसणं सरांना पुढे फार आठवलं.

'व'वर असताना ते घडलं. विघटकांची व्याख्या वाचायची म्हणून सरांनी टेबलावरून कागद उचलला, स्टुलावर बसले आणि तंद्रीतच वाचायला लागले. "सर्व सभासदांना कळवण्यात येते की मंगळवारी पाण्याची टाकी धुण्यात येणार असल्याने सकाळी पाणी येणार नाही. सेक्रेटरी." वाचून झाल्यावर सवयीने चष्मा काढला. तेव्हा कुठे लक्षात आलं, की उचलला तो सोसायटीचा कागद. आता रजनी काय खरपूस बोलेल, म्हणून ते स्वतःच आधी हसायला लागले.

रजनीबाईंनी वळून त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "ही तर फारच सुंदर झालीय."

सरांचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी हळूच हाक मारली, "रजनी." त्या पोळी उलटत होत्या. मग जोरात, "रजनी!" तेव्हा त्या दचकून वळल्या, आणि दोघांनाही एकदमच समजलं की आता सांगायचं काही उरलेलं नाही.

"तुम्ही इतके खूश असायचात," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, पुस्तक होऊन जाऊ दे. मग जाऊ."

पुण्यातले डॉक्टर तरुण होते, त्यामुळे स्पष्ट बोलले. शिट्टी सुरू झाली त्याच आठवड्यात आणलं असतं, तर औषधाने कदाचित ऐकू परत आलं असतं. आता डावा कान गेला. उजवाही उतरतोय, यंत्राने काही काळ भागेल. किती काळ, ते सांगता येत नाही. सरांनी विचारलं, "कदाचित म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले, "आता त्याचा उपयोग नाही, काका." जन्मभर 'नेमकं सांग' म्हणून पोरांना उभं करणारा माणूस उठून यंत्राची किंमत विचारायला गेला.

यंत्र बसवून घरी आल्यावर सरांनी 'ब'पासूनचे सगळे कागद काढले. पोरांच्या हातात न तपासलेल्या व्याख्या जाऊ द्यायच्या नाहीत, एवढं तरी करता येईल. ते ओट्याशी आले, या वेळी उजवीकडे, आणि घसा खाकरला.

रजनीबाईंनी त्यांच्या हातातले कागद काढून घेतले.

"हे नको. दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. मला ऐकू येतंय तोवर साधं काहीतरी बोला."

"साधं म्हणजे?"

"साधं म्हणजे साधं. त्याचीही व्याख्या करू नका आता."

सर उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, आणि काही केल्या सुचेना. 'ब'पासून 'व'पर्यंत आपण या बाईशी व्याख्यांखेरीज काय बोललो, तेही आठवेना. शेवटी मागच्या दाराकडे बघून म्हणाले, "मांजर आलंय बघ एक. कुणाचं आहे?"

"आपलंच म्हणायचं. पावसाळ्यापासून रोज येतंय. नावसुद्धा ठेवलंय मी त्याला."

"काय ठेवलंयस?"

पण तोवर रजनीबाई दुधाची वाटी घ्यायला वळल्या होत्या, डावा कान सरांकडे करून. उत्तर आलं नाही. सर त्यांना वळसा घालून उजव्या कानाच्या बाजूला गेले, थोडे वाकले आणि त्यांनी पुन्हा विचारलं.